म्हण

म्हण म्हणजे पिढ्यानपिढ्या बोलून बोलून घोटीव झालेले, एका दमात संपणारे अनुभवाचे वाक्य. तिचा कर्ता सहसा ठाऊक नसतो. असला तरी लोक त्याला विसरतात. ‘शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी’ हे मूळचे तुकारामांच्या अभंगातले शब्द, पण आज ते म्हणीसारखेच वावरतात.

म्हण आणि वाक्प्रचार यांची नेहमी गल्लत होते. ‘कान पिळणे’ हा वाक्प्रचार. कोणी पिळला, कधी पिळला हे आपण घालतो तेव्हा त्याचे वाक्य होते. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण. ती आहे तशीच उचलावी लागते. यातला ‘बळी’ म्हणजे बलवान. ‘बळी जाणे’ डोक्यात ठेवून वाचणारे विद्यार्थी अर्थ नेमका उलटा लावतात. ‘पिळी’ हे ‘पिळतो’चे जुने रूप आहे, ‘तळे साचे’मधल्या ‘साचे’सारखेच. बोलीतून गेलेले व्याकरण असे म्हणींत टिकून राहते, कारण यमक त्याला धरून ठेवते. ‘बलवान माणूस कान पिळतो’ असे सुधारून पाहावे: विधान खरेच राहते, म्हण मात्र उरत नाही. ‘अति तेथे माती’त तर क्रियापदच नाही, आणि कोणाला त्याची उणीव भासत नाही.

म्हणीचा अर्धा अर्थ प्रसंगात असतो. ‘नाचता येईना’ एवढेच म्हटले तरी ऐकणारा अंगण मनातल्या मनात वाकडे करतो. सरळ दोष दिला तर उलट उत्तर येते; म्हण कोणाचीच नसल्यामुळे भांडायला समोर कोणी उरत नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण याच आडवळणाचे वर्णन आहे. तरीही धाकट्याने थोरल्याला तोंडावर म्हण ऐकवणे उद्धटपणाचे ठरते.

म्हणी परस्परविरोधी असतात, हा आक्षेप त्यांना नियम समजण्यातून येतो. ‘शितावरून भाताची परीक्षा’ आणि ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ या दोन्ही वादात पुढे करायच्या बाजू आहेत. वेळ पाहून एक निवडायची. जाती आणि स्त्रिया यांना हिणवणाऱ्या म्हणीही पुष्कळ आहेत. त्या कोशातून गाळल्या तर पूर्वग्रहांचा पुरावाच पुसला जातो. टीप देऊन ठेवाव्यात, चालू बोलण्यात मात्र आणू नयेत.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१) शब्दांच्या ओघात म्हणी येतात. मॅनवेरिंगचा स्वतंत्र संग्रह १८९९ चा. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’त म्हणी वाक्प्रचारांसोबत नोंदल्या आहेत.

नव्याने संकलन करताना ‘एखादी म्हण सांगा’ असे विचारू नये; पाठ्यपुस्तकातल्याच चार ऐकायला मिळतात. काम चालू असते, गप्पा रंगतात, तिथे बसावे. बोलीतला उच्चार प्रमाण न करता उतरवावा, आणि कोण, कोणाला, कशावरून बोलले हे त्याच दिवशी लिहावे. चार दिवसांनी शब्द आठवतात, प्रसंग आठवत नाही.