पाकिटावरचं तिकीट सोडवायच्या आधी हे वाचा

आठवड्याला एक तरी जण दुकानात येतोच, हातात पिशवी, पिशवीत आजोबांच्या ट्रंकेतली जुनी पाकिटं, आणि पहिला प्रश्न ठरलेला की एवढी तिकिटं सोडवून द्या ना, अल्बमला लावायचीत. आमचं उत्तरही ठरलेलं, जरा थांबा, आधी शिक्का बघू. मालवणात गर्दीच्या दिवसात काउंटरवर उभ्याउभ्या सगळं सांगून होत नाही म्हणून हे पत्रक छापलंय.

काउंटरच्या काचेखाली निळसर, जवळपास चौकोनी असं एक तिकीट ठेवलंय, अमेरिकेचं, ५ सेंटचं, १९३७ सालचं. चित्रात आई, बाप आणि तान्हं बाळ. बाळाचं नाव व्हर्जिनिया डेअर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रोअनोक नावाचं बेट आहे, तिथे १५८७ च्या जुलैत जॉन व्हाइट सव्वाशेच्या आतबाहेर इंग्रज माणसं घेऊन वस्ती करायला उतरला, आणि महिना व्हायच्या आत, १८ ऑगस्टला, त्याच्या मुलीला ही मुलगी झाली. अमेरिकेत जन्मलेलं पहिलं इंग्रज मूल. पुढे काही दिवसांतच व्हाइट सामानसुमान आणायला इंग्लंडला गेला आणि तिकडे स्पेनशी लढाई पेटली, जहाजं मिळेनात, परतायला ३ वर्षं गेली. परतला तो १८ ऑगस्ट १५९०, म्हणजे नातीच्या तिसऱ्या वाढदिवशी. बेटावर माणूस नव्हता. एका खांबावर ‘क्रोआटोअन’ एवढंच कोरलेलं, जवळच्याच दुसऱ्या बेटाचं नाव. वादळामुळे त्याला तिथवर जाता आलं नाही, आणि त्या माणसांचं काय झालं ते आजपर्यंत नक्की कळलेलं नाही. किनाऱ्यावर बसून होडीची वाट बघणं म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला समजावायला नको, म्हणून ही गोष्ट ऐकून आमची गिऱ्हाइकं गप्प होतात.

आता मुद्दा. त्या बेटावर आज मँटिओ नावाचं गाव आहे, त्या भागातल्याच एका मूळनिवासी प्रमुखाच्या नावावरून पडलेलं. व्हर्जिनियाच्या जन्माला ३५० वर्षं झाली त्या दिवशी, १८ ऑगस्ट १९३७ ला, हे तिकीट पहिल्यांदा त्या मँटिओतनंच निघालं. सुटं तिकीट काही दुर्मिळ नाही, स्वस्तात मिळतं. पण तेच तिकीट पाकिटावर, वर मँटिओचा गोल शिक्का आणि त्यात १८ ऑगस्ट १९३७, असं असेल तर ते पाकीट त्या दिवशी त्या बेटावर होतं याचा पुरावाच तुमच्या हातात आला. आणि कुणी ते पाण्यात भिजवून तिकीट सोडवलं की गाव गेलं, तारीख गेली, उरला निळा कागद. १९८४ ला रोअनोकच्या सफरींना ४०० वर्षं झाली तेव्हाचं २० सेंटचं जहाजाचं तिकीटही मँटिओतूनच निघालं होतं, तेही पाकिटासकट मिळालं तर सोडू नका.

आपल्या घरच्या पाकिटांचंही असंच बघा. तिकीट साधं असू दे, पण बाजूला मालवण, देवगड, वेंगुर्ला असं गावाचं नाव आणि तारीख स्पष्ट वाचता येत असेल तर कात्री लावू नका. आणि एक काम आवर्जून करा. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, इथे मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कुरटे बेटावर काम सुरू झालं. तर त्या तारखेला पोस्ट चालू असेल तेव्हा स्वतःच्याच पत्त्यावर एक पाकीट टाका, काउंटरवर विनंती करून शिक्का नीट उमटवून घ्या. खर्च तिकिटापुरता, पण पोरांना पुढे दाखवायला त्याच्यासारखी वस्तू नाही.

सांभाळायचं म्हणाल तर कोकणात शत्रू दोनच, दमट हवा आणि कसर. जून ते सप्टेंबर कोऱ्या तिकिटांचा मागचा गोंद ओला होतो आणि तिकिटं एकमेकांना किंवा अल्बमच्या पानाला चिकटून बसतात, ओढली की फाटतात. मग कडेला तांबूस डाग पडायला लागतात, ते एकदा पडले की जात नाहीत. अल्बम आडवा न ठेवता पुस्तकासारखा उभा ठेवा, भिंतीला लागून नको, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडलं की सावलीतच पानं उघडून वारा द्या, थेट उन्हात नको, रंग उडतो. हाताने धरू नका, चिमटा वापरा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, मागच्याच महिन्यात एक ताई वडिलांची सगळी पत्रं लॅमिनेट करून घेऊन आल्या, माया होती म्हणूनच केलं त्यांनी, पण ते आता परत निघणार नाही, आम्हालाही वाईट वाटलं.

पाकिटं घेऊन या, आम्ही शिक्के वाचून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. पाकिटाच्या मापाचे पारदर्शक कव्हर आणि फ्रेम दुकानात मिळतील. फ्रेममध्ये पाकीट चिकटवत नाही, चार कोपऱ्यांना कागदी खाचा करून बसवतो, म्हणजे कधीही जसंच्या तसं बाहेर काढता येतं.