फायनल फँटसी टॅक्टिक्स ॲडव्हान्स (खेळाडूंची मतं)

फायनल फँटसी टॅक्टिक्स ॲडव्हान्स हा स्क्वेअर कंपनीने गेमबॉय ॲडव्हान्ससाठी बनवलेला टॅक्टिकल रोल-प्लेइंग गेम, म्हणजे चौकोनी घरं आखलेल्या तिरक्या पटावर आपली पाच-सहा माणसं आणि समोरची पाच-सहा, पाळीपाळीने हलायचं, मारायचं, जादू टाकायची असा प्रकार. जपानात १४ फेब्रुवारी २००३ ला आला, आणि मजा म्हणजे घडी घालायचा गेमबॉय ॲडव्हान्स एसपी तिकडे त्याच दिवशी दुकानात आला. अमेरिकेत सप्टेंबर आणि युरोपात ऑक्टोबर २००३ मध्ये तो निन्टेंडोने काढला. निर्माता यासुमी मात्सुनो, दिग्दर्शक युइची मुरासावा, संगीत मुख्यतः हितोशी साकिमोतोचं. ही नोंद गेम कसा खेळायचा याची नाही, तो खेळलेल्या लोकांनी वीस वर्षांहून जास्त काळ त्यावर जो वाद घातलाय त्याची आहे, त्यामुळे गोष्टीचा शेवट खाली सरळ सांगितलाय, अजून खेळायचा असेल त्याने आत्ताच थांबावं.

थोरल्या भावाची सावली

पहिली तक्रार कायम एकच, "हा मूळ टॅक्टिक्ससारखा नाही". मूळ गेम, म्हणजे फायनल फँटसी टॅक्टिक्स, १९९७ चा, प्लेस्टेशनवरचा, त्यात सिंहासनासाठी लढणारी घराणी, चर्चचं राजकारण, रामझा आणि डेलिटाची तुटलेली मैत्री, एकूण प्रकरण जड आणि काळोखी. तो डोक्यात ठेवून ज्याने हा कार्ट्रिज घातला त्याला पहिल्याच सीनला काय दिसलं तर शाळेतली पोरं बर्फाचे गोळे फेकून खेळतायत. मग रंग चकचकीत, चेहरे गोबरे, आणि जगाचं नाव मात्र तेच, इव्हालिस. बऱ्याच जणांनी तिथेच "लहान मुलांचं आहे" म्हणून शिक्का मारला. उलट ज्यांच्या हातात हाच गेम आधी पडला, शाळेत असताना, बसमध्ये किंवा पांघरुणात, त्यांना मूळ गेम नंतर खेळताना कोरडा वाटला अशीही मतं भरपूर सापडतात. (आपल्याकडे बऱ्याच जणांनी तो खऱ्या गेमबॉयवर नाही तर कॉम्प्युटरवरच्या एम्युलेटरमध्येच, म्हणजे गेमबॉयची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, खेळला, तेव्हा पांघरुणाचा भाग आपल्याला तितका लागू नाही.)

खरं तर हा गेम मूळ टॅक्टिक्सचा जेवढा भाऊ तेवढाच टॅक्टिक्स ओगर या दुसऱ्या टॅक्टिकल मालिकेचाही. त्या मालिकेचा द नाइट ऑफ लोडिस नावाचा भाग याच गेमबॉय ॲडव्हान्सवर २००१ मध्ये आला होता, क्वेस्ट नावाच्या कंपनीचा, आणि २००२ मध्ये स्क्वेअरने क्वेस्टचं काम आपल्याकडे घेतलं तेव्हा ती माणसंही इकडे आली, मुरासावा त्यातलाच. हे माहीत असलेले खेळाडू तुलना जरा वेगळी करतात, ते म्हणतात की हातात धरायच्या यंत्रावर लढाई कशी आटोपशीर ठेवायची हे या लोकांना आधीच कळलेलं होतं.

कायदे, म्हणजे मुख्य भांडण

या गेमबद्दल दोन खेळाडू बोलायला लागले की पाच मिनिटांत विषय जजवर येतो. प्रत्येक लढाईत चोकोबो या मोठ्या पक्ष्यावर बसलेला चिलखती न्यायाधीश मैदानात हजर असतो आणि त्या दिवसाचे कायदे लागू करतो, आज तलवार बंद, उद्या आगीची जादू बंद, परवा आणखी काही. मोडला तर फुटबॉलसारखं पिवळं कार्ड, प्रकरण वाढलं तर लाल, आणि लाल मिळालेला गडी लढाईतून उचलून थेट स्प्रोम गावच्या तुरुंगात, मग त्याला पैसे भरून सोडवा. नायक मार्शलाच लाल मिळालं तर गेम ओव्हर. सुरुवातीला दिवसाला एक कायदा असतो, पुढे दोन, मग तीन.

विरोधकांचं म्हणणं असं की मी दहा तास घालवून एक फायटर घडवला, त्याला तलवार शिकवली, आणि ऐन लढाईच्या दिवशी तलवारच बंद, ही काय स्ट्रॅटेजी झाली, ही तर अडवणूक. त्यात शत्रूने आपल्या माणसाला मोहिनी घातली आणि त्या भरात त्याने बंदी असलेली गोष्ट केली तर कार्ड आपल्यालाच, यावर लोकांनी अक्षरशः शिव्या घातल्यात. आणि उपाय काय, तर नकाशावर एक पाऊल टाकलं की एक दिवस जातो, म्हणून नको असलेला कायदा टळेपर्यंत दोन गावांमध्ये नुसत्या येरझाऱ्या मारायच्या. हे सगळ्यांनी केलंय. ज्या नियमावरचा सगळ्यात सोपा तोडगा येरझाऱ्या आहे तो नियम फसलेला आहे, हा युक्तिवाद मला तरी खोडता येत नाही.

समर्थकही कमी नाहीत. त्यांच्या मते कायदे नसते तर गेम अर्ध्यातच संपला असता, कारण एकदा एक जोडी जमली की तीच ती वापरून सगळं जिंकता येतं. कायद्यांमुळे क्लॅनमधल्या, म्हणजे आपल्या टोळीतल्या, बाकावर बसलेल्यांना खेळवावं लागतं (क्लॅनमध्ये २४ जण मावतात, त्यातले बरेच एरवी विसरलेच गेले असते). शिवाय कायदा शत्रूलाही लागू असतो, आणि समोरचा बॉस स्वतःच मूर्खासारखा नियम मोडून लाल कार्ड घेऊन गायब होतो तेव्हा जे हसू येतं ते दुसऱ्या कुठल्या टॅक्टिकल गेममध्ये येत नाही. जजचा एक फायदाही आहे, तो हजर असेपर्यंत कोणी कायमचं मरत नाही. याग्ड नावाच्या बेकायदा प्रदेशात जज नसतो, कार्डंही नसतात, पण लढाई संपताना जो पडलेला असेल तो गेला, कायमचा. ज्यांनी वर्षभर कायद्यांच्या नावाने बोटं मोडली त्यांना याग्डमध्ये आपला लाडका धनुर्धारी गमावल्यावर जजची आठवण झाली, असे किस्से ढीगभर आहेत.

एझेल नावाचं एक पात्र कायदा रद्द करणारी कार्डं देतं, तीही सोय आहे, पण वापरायची सवय फार थोड्यांना लागली, बाकीचे "पुढे लागतील" म्हणून जपून ठेवतात आणि गेम संपतो तरी ती तशीच पडलेली.

मला हा सगळा प्रकार गल्ली क्रिकेटसारखा वाटतो. भिंतीला थेट लागला तर आऊट, जोशीकाकूंच्या गच्चीत गेला तर आऊट आणि बॉल पण तूच आणायचा. नियम वैताग आणणारे, पण खेळ आठवतो तो त्या नियमांसकट.

जॉब, शस्त्रं आणि फार सोपं होण्याची तक्रार

जॉब म्हणजे पात्राचा पेशा, असे ३४ जॉब पाच जमातींमध्ये वाटलेत, माणसं, सरड्यासारखे बांगा, लांब कानांचे विद्वान नू मो, सशाच्या कानांच्या व्हिएरा आणि गोलमटोल मूगल. प्रत्येक जमातीला स्वतःचे जॉब, त्यामुळे कोणाला घ्यायचं हा विचार करावा लागतो आणि हा भाग जवळपास सगळ्यांना आवडतो. कौशल्यं मात्र शस्त्रं-कपड्यांतून शिकायची, वस्तू अंगावर ठेवून लढाया करायच्या, पॉइंट भरले की ते कौशल्य कायमचं आपलं. इथे मतं फाटतात. एकीकडे नवीन तलवार मिळाल्याचा आनंद दुप्पट होतो, दुसरीकडे हवी ती वस्तू दुकानात येतच नाही आणि एका कौशल्यासाठी सबंध जॉब अडकून पडतो.

दुसरी जुनी कुरकुर म्हणजे लेव्हल वाढताना अंगात येणारी ताकद त्या वेळच्या जॉबवर ठरते. हे गेम धड सांगत नाही. ज्यांना उशिरा कळलं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि काहींनी तर माणूस जमातीच्या सगळ्यांना निन्जा करून वेग वाढवत बसायचा उद्योग केला, जो माझ्या मते गेम खेळण्यापेक्षा बँकेत आरडी भरण्याच्या जास्त जवळ जातो.

सोपेपणाबद्दल फारसा वाद नाही. अर्ध्यानंतर गेम सोपा आहे. सगळ्या मैदानावर एकदम पडणारी इल्युजनिस्टची जादू, एका फटक्यात खलास करणारी व्हिएरा असॅसिन, दोन्ही हातांत शस्त्र धरायचं निन्जाचं कौशल्य दुसऱ्या जॉबला लावणं, यातलं काहीही जमलं की शत्रूला पाळी मिळायच्या आत निम्मं मैदान रिकामं. ३०० मिशन आहेत, आणि त्यातली शेवटची कित्येक लोकांनी आव्हान म्हणून नाही तर यादी पुरी करायची म्हणून केली.

मार्श नायक की खलनायक

गोष्ट अशी. सेंट इव्हालिस नावाच्या गावात मार्श नवीन राहायला आलाय, त्याचा धाकटा भाऊ डोनेड आजारी, व्हीलचेअरमध्ये. मित्र म्यूट, ज्याची आई वारलीये, बाप खचलेला, आणि शाळेत पोरं त्याला छळतात. मैत्रीण रिट्झ, जिचे केस जन्मतः पांढरे आणि ती ते रंगवते. म्यूटने आणलेलं एक जुनं पुस्तक हे उघडतात आणि सकाळी सगळं गावच जादूचं इव्हालिस झालेलं असतं. तिथे म्यूट राजपुत्र, त्याची आई राणी म्हणून जिवंत, बाप सगळ्या जजचा प्रमुख, डोनेड चालतोय, रिट्झचे केस आपोआप लाल. आणि मार्श ठरवतो की हे मोडायचं आणि घरी जायचं, त्यासाठी जग धरून ठेवणारे स्फटिक एकेक करून फोडायचे.

यावरून "मार्शच खरा व्हिलन आहे" हे मत इतकं पसरलं की आता ते अर्धं गंभीर, अर्धा विनोद झालंय. मुद्दा साधा आहे, चालू शकणाऱ्या भावाला परत खुर्चीत बसवायचा अधिकार तुला कोणी दिला. आणि मॉन्टब्लांक, तो मूगल ज्याने पहिल्या दिवशी तुला क्लॅनमध्ये घेतलं, त्याचं काय होणार, तो खोटा आहे का. लहानपणी खेळताना कोणाला हे सुचलं नव्हतं, मोठेपणी परत खेळल्यावर सुचलं, असं सांगणारे खूप.

दुसरी बाजू म्हणते की तुम्ही मार्श आणि डोनेडचा संवाद नीट वाचला नाही. डोनेड चिडून विचारतो की तुला माझं चालणं बघवत नाही का, तेव्हा मार्श पहिल्यांदा तोंड उघडतो की आईचं सगळं लक्ष कायम तुझ्याकडे, मलाही हे जग सोडवत नाही. म्हणजे त्यालाही मोह आहेच, तो फक्त मान्य करून पुढे जातोय. म्यूटची बाजू घेणाऱ्यांना हे लोक लेडनार ट्वेम दाखवतात, राजवाड्याचा तो अजिंक्य लढवय्या, ज्याचं नाव मूळ इंग्रजी अक्षरांत उलटं वाचलं की म्यूट रँडेलच निघतं. पोराच्या मनातला सगळा राग एका वेगळ्या माणसात भरलेला, आणि त्याला इजा होऊ नये म्हणून खास कायदा.

इथेच मला वाटतं की कायद्यांचं भांडण आणि मार्शचं भांडण हे एकच आहे, लोक ते वेगवेगळं घालतात एवढंच. हे जग म्यूटच्या इच्छेतून झालंय. ज्या पोराला शाळेत मार खाताना कोणी सोडवायला आलं नाही, त्याच्या जगात प्रत्येक मारामारीत एक अंपायर उभा आहे, कोणी मरत नाही, आणि अंपायरांचा साहेब त्याचा बाप. तलवार बंद झाली म्हणून आपण चिडतो ते त्या पोराच्या भीतीवर चिडतो. गेमने हे कुठेही बोलून दाखवलेलं नाही, आणि बोललं असतं तर बिघडलं असतं.

पुढचा भाग

ऑक्टोबर २००७ मध्ये जपानात निन्टेंडो डीएसवर दुसरा भाग आला, ग्रिमवार ऑफ द रिफ्ट, बाकीकडे २००८ मध्ये. त्यात कार्डं आणि तुरुंग काढून टाकले, कायदा मोडला तर क्लॅनची त्या लढाईपुरती सवलत जाते आणि पडलेल्याला उठवता येत नाही, बस. वर्षानुवर्षं तक्रार करणाऱ्यांना हवं ते मिळालं आणि मग त्यातल्याच काहींनी लिहिलं की आता कायद्यांना दातच राहिले नाहीत. नायक लूसोही बिनधास्त, तो इव्हालिसला सुट्टीसारखा बघतो, रोजनिशी लिहितो, घरी जायची घाई नाही. मार्शला खलनायक म्हणणाऱ्यांनाच तो पोकळ वाटला, हे विशेष.

पण त्या भागात एक गोष्ट आहे जी या वादात वारंवार पुढे केली जाते. लूसोला शिक्षा म्हणून शाळेच्या लायब्ररीत पाठवलेलं असतं, तिथेच त्याला तसंच एक जादूचं पुस्तक सापडतं. आणि लायब्ररी सांभाळणाऱ्या सरांचं आडनाव रँडेल. गेम यापेक्षा जास्त काही सांगत नाही, पण बहुतेक खेळाडू ते सर म्हणजे मोठा झालेला म्यूटच असं धरून चालतात.