चार किलोमीटरची शर्यत आणि दोनशे मीटरची शिल्लक

जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेच्या, म्हणजे ट्रॅकऐवजी मोकळ्या, खडबडीत जमिनीवर होणाऱ्या धावण्याच्या स्पर्धेच्या, इतिहासात 'महिलांची कमी अंतराची शर्यत' हे प्रकरण जेमतेम नऊ वर्षांचे आहे. १९९८ साली मोरोक्कोतील माराकेश येथे ती प्रथम झाली आणि २००६ साली जपानमधील फुकुओका येथे शेवटची. अंतर साधारण चार किलोमीटरचे असे, आणि मार्ग किती चिखलाचा व किती चढउतारांचा आहे यावर अवलंबून विजेतीला बारा ते पंधरा मिनिटे लागत. त्याच स्पर्धेत महिलांची आठ किलोमीटरच्या आसपासची लांब शर्यतही होत असे. दोन्ही शर्यतींचे दिवस वेगळे असल्यामुळे एखादी धावपटू हिंमत करून दोन्हींत उतरू शकत असे. या नऊ शर्यतींचे निकाल शरीरशास्त्राच्या दृष्टीने मला फार मोलाचे वाटतात, कारण वेग आणि दम या दोन गुणांचे पारडे ज्या अंतरावर जवळजवळ समतोल होते, नेमक्या त्याच अंतरावर ही शर्यत उभी होती.

धावताना लागणारी ऊर्जा स्नायू मुख्यतः दोन मार्गांनी मिळवतात. पहिल्या मार्गात ऑक्सिजनच्या साहाय्याने साखर आणि चरबी यांचे ज्वलन होते. हा मार्ग दीर्घकाळ चालतो, परंतु ऊर्जा पुरवण्याच्या त्याच्या गतीला मर्यादा असते. दुसऱ्या मार्गात ऑक्सिजनची वाट न पाहता स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हे तयार ऊर्जा साठवणारे रसायन वापरले जाते आणि साखरेचे अर्धवट विघटन होते. हा मार्ग अत्यंत जलद असतो, परंतु लवकर आटतो. शर्यत सुरू झाल्यावर ऑक्सिजनचा पुरवठा मागणीच्या पातळीला पोहोचायला एक-दोन मिनिटे लागतात, आणि तोपर्यंतची तूट हा दुसरा मार्ग भरून काढतो. पंधराशे मीटरच्या शर्यतीत महिलांच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ८५ टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते. चार किलोमीटरच्या शर्यतीत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जाते. 'कमी अंतराची' हे नाव ऐकून ही वेगाची शर्यत असावी असा समज होतो, पण शरीराच्या दृष्टीने ती बहुतांशी दमाचीच शर्यत आहे.

तरीही उरलेले ते काही टक्के फार महत्त्वाचे असतात. ते समजून घेण्यासाठी क्रीडाशास्त्रज्ञ 'क्रांतिक वेग' ही कल्पना वापरतात. ज्या वेगापर्यंत शरीराचा तोल टिकून राहतो, म्हणजे रक्तातील लॅक्टेट (साखरेच्या अर्धवट विघटनातून तयार होणारा पदार्थ) आणि ऑक्सिजनचा वापर एका पातळीवर स्थिर राहतात, तो क्रांतिक वेग. त्याहून जलद धावले की एक ठरावीक शिल्लक खर्च होऊ लागते. गंमत अशी, की ही शिल्लक मीटरमध्ये मोजता येते. क्रांतिक वेगाने जितके अंतर कापले गेले असते, त्याहून जास्तीचे किती मीटर धावता येतील हे ती सांगते, आणि धावपटूंमध्ये ती साधारण १०० ते ३०० मीटर भरते. एखादीने ती पहिल्याच किलोमीटरमध्ये उधळली, तर उरलेले अंतर तिला क्रांतिक वेगाने किंवा त्याहून हळू धावावे लागते. जिने ती राखली, तिच्याकडे शेवटच्या चारशे मीटरसाठी काहीतरी उरते.

आता दोन काल्पनिक धावपटू घेऊ. पहिली पंधराशे मीटरची आहे. तिचा क्रांतिक वेग सेकंदाला ४.८० मीटर आणि शिल्लक २५० मीटर आहे. दुसरी दहा हजार मीटरची आहे. तिचा क्रांतिक वेग ४.९३ मीटर, म्हणजे थोडा अधिक आहे, पण शिल्लक १५० मीटरच आहे. एकूण अंतरातून शिल्लक वजा करून उरलेल्या अंतराला क्रांतिक वेगाने भागले की शर्यतीची वेळ मिळते. पंधराशे मीटरमध्ये पहिली सुमारे १३ सेकंदांनी जिंकते. आठ किलोमीटरमध्ये दुसरी सुमारे २२ सेकंदांनी जिंकते. चार किलोमीटरमध्ये मात्र दोघीही १३ मिनिटे १ सेकंद या वेळेला अंतिम रेषेवर येतात. आकडे मी सोयीने निवडले आहेत हे खरे, पण निरनिराळ्या घडणीच्या धावपटूंची गाठ तीन-चार किलोमीटरच्या टप्प्यात पडावी, हा निष्कर्ष त्या सोयीवर अवलंबून नाही.

प्रत्यक्ष निकाल काय सांगतात? नऊपैकी तीन शर्यती पंधराशे मीटरच्या धावपटूंनी जिंकल्या. १९९९ साली बेलफास्टमध्ये केनियाची जॅकलिन मरांगा विजयी झाली. त्याआधीच्याच वर्षी तिने राष्ट्रकुल स्पर्धेत पंधराशे मीटरचे सुवर्णपदक मिळवले होते. २००० साली पोर्तुगालमधील विलामोरा येथे इथिओपियाची कुत्रे दुलेचा जिंकली. ती १९९९ च्या जागतिक स्पर्धेतील पंधराशे मीटरची कांस्यपदक विजेती होती. २००६ साली फुकुओकात जिंकलेली गेलेते बुर्का तेव्हा मुख्यतः याच अंतरावर धावत असे. तिने पुढे २०१५ च्या जागतिक स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्यपदक मिळवले, ही नोंदही बोलकी आहे. उरलेल्या सहा शर्यती पाच व दहा हजार मीटरच्या धावपटूंकडे गेल्या. २००२, २००३ आणि २००४ अशी सलग तीन विजेतेपदे केनियाच्या एडिथ मसाईची आहेत, आणि त्यांपैकी शेवटचे तिने वयाच्या ३६ व्या वर्षी मिळवले. वय वाढते तसा अचानक झेप घेण्याचा वेग आधी ओसरतो आणि दम तुलनेने अधिक काळ टिकतो, हे लक्षात घेतले तर तिच्या यशातून या शर्यतीचे स्वरूपच उलगडते.

माझ्या गणितात दोघी बरोबरीत सुटल्या, मग प्रत्यक्षात पारडे दमाकडे का झुकले? उत्तर जमिनीत आहे. माझे गणित सपाट आणि टणक जमिनीचे होते, आणि क्रॉस कंट्रीचा मार्ग तसा नसतो.

टणक जमिनीवर पाऊल टेकते तेव्हा टाचेमागची अकिलीस कंडरा ताणली जाते आणि पाय उचलताना ती स्प्रिंगप्रमाणे बरीचशी ऊर्जा परत करते. मऊ जमीन हा व्यवहार बिघडवते. पाऊल रुतते, माती बाजूला सरकते, आणि मातीला दिलेली ऊर्जा परत मिळत नाही. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार वाळूत धावायला टणक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. चिखल म्हणजे वाळू नव्हे, पण तत्त्व तेच आहे, आणि चिखलात घसरण्याची व बुटांना चिकटलेल्या मातीच्या वजनाची भर पडते. ट्रॅकवरच्या बुटांपेक्षा क्रॉस कंट्रीच्या बुटांचे खिळे लांब असतात. त्यामुळे घसरणे आटोक्यात येते, पण रुतणे थांबत नाही.

चढउतारांचा हिशेबही असाच तोट्याचा आहे. जितका चढ तितकाच उतार असेल तर खर्च भरून निघतो, अशी आपली स्वाभाविक समजूत असते. इटलीतील संशोधकांनी २००२ साली दिलेल्या मोजमापांवरून काढले, तर १० टक्के चढावर प्रत्येक मीटरचा खर्च सपाट जमिनीच्या सुमारे १.६५ पट होतो, आणि तितक्याच उतारावर तो सुमारे ०.६ पटीपर्यंतच उतरतो. चढावर गमावलेले ६५ आणि उतारावर कमावलेले ४० यांची बेरीज शून्य होत नाही. त्यातच चढावर सपाटीचा वेग टिकवण्याचा हट्ट धरला, तर ऊर्जेची मागणी क्रांतिक मर्यादेच्या बरीच वर जाते आणि शिल्लक भराभर संपते. म्हणून अनुभवी धावपटू चढावर वेग कमी होऊ देतात, पण प्रयत्नांची पातळी तीच ठेवतात.

वळणांचाही प्रश्न विचारला जातो. अरुंद जागी वेग कमी करून पुन्हा वाढवावा लागतो, त्यात बरीच ऊर्जा जाते का? पन्नास किलो वजनाच्या धावपटूने वेग सेकंदाला ५ वरून ५.५ मीटर केला, तर स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरून त्या एका झेपेचा खर्च सुमारे तीन मीटर धावण्याइतकाच निघतो. मला स्वतःला हे उत्तर मिळाले तेव्हा आश्चर्य वाटले होते. प्रत्येक झेप स्वस्त असते. महाग पडते ते झेपेनंतर त्या वाढीव वेगाने धावत राहणे.

आता खडबडीत मार्गामुळे खर्च सरासरी २० टक्क्यांनी वाढला असे धरू. शरीराच्या हिशेबात चार किलोमीटरचे ४.८ किलोमीटर झाले. आपल्या दोन धावपटू पुन्हा धावल्या, तर आता दहा हजार मीटरची धावपटू सुमारे पाच सेकंदांनी पुढे राहते. २००१ सालची शर्यत बेल्जियममधील ओस्टेंड येथे चिखलाने भरलेल्या मार्गावर झाली, आणि ती इथिओपियाच्या गेटे वामीने, म्हणजे दहा हजार मीटरच्या १९९९ च्या जगज्जेतीने जिंकली. आदल्या दिवशी लांब शर्यतीत तिला ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफच्या मागे दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले होते. दुसऱ्या दिवशी रॅडक्लिफही धावली आणि दुसरी आली.

लागोपाठ दोन दिवस अशा शर्यती धावणे शक्य कसे होते? पन्नास किलोच्या धावपटूला सपाटीवर आठ किलोमीटरसाठी साधारण ४०० किलोकॅलरी लागतात. चिखलाचे आणखी शंभर धरले, तरी स्नायूंतील आणि यकृतातील साखरेचा साठा याहून कितीतरी मोठा असतो. तो रात्रीच्या जेवणाने पुरेसा भरून येतो, आणि क्रांतिक वेगावरची शिल्लक तर विश्रांतीत काही मिनिटांतच भरू लागते. खरी हानी उतारावर होते. तेथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिची वेदना मात्र बहुधा एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची शर्यत बऱ्याच अंशी त्याआधीच उरकते. १९९८ साली आयर्लंडच्या सोनिया ओसुलिव्हानने माराकेशमध्ये दोन्ही शर्यती जिंकल्या. तिच्याकडे १९९३ च्या जागतिक स्पर्धेतील पंधराशे मीटरचे रौप्यपदक आणि १९९५ च्या स्पर्धेतील पाच हजार मीटरचे सुवर्णपदक होते, म्हणजे उच्च क्रांतिक वेग आणि मोठी शिल्लक हे दोन्ही तिच्या ठायी असावेत. महिलांमध्ये असे दुहेरी यश तिच्यानंतर एकदाच मिळाले. फ्रान्समधील सेंट एतियन येथे २००५ साली इथिओपियाच्या तिरुनेश दिबाबाने वयाच्या १९ व्या वर्षी ते मिळवले.

ओसुलिव्हान वगळता सर्व विजेत्या केनिया आणि इथिओपिया या दोन देशांच्या आहेत. तेथील धावपटूंची प्रमुख सराव क्षेत्रे समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत. विरळ हवेत शरीर तांबड्या पेशी वाढवते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता सुधारते. ज्या शर्यतीत ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते, तेथे याचा उपयोग उघड आहे. परंतु यशाचे सगळे श्रेय उंचीला देणे मला अन्यायाचे वाटते, कारण तितक्याच उंचीवर राहणाऱ्या इतर अनेक प्रदेशांतून असे धावपटू घडलेले नाहीत. लहानपणापासूनची पायपीट, सरावाची शिस्त, गटाने धावण्याची रीत आणि आपल्याच भागातील विजेत्यांचे उदाहरण यांचाही त्यात वाटा आहे.

२००७ साली मोम्बासा येथे स्पर्धा एका दिवसात आटोपली गेली आणि महिलांसाठी एकच लांब शर्यत उरली. २०१७ साली कंपाला येथे तिचे अंतर पुरुषांइतके, म्हणजे दहा किलोमीटर झाले. आपल्या उदाहरणातील पंधराशे मीटरची धावपटू या अंतरावर सपाट जमिनीवरही अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे पडेल. मात्र त्याच वर्षी दोन महिला आणि दोन पुरुष यांच्या मिश्र रिलेची सुरुवात झाली, आणि तिच्यात प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे दोन किलोमीटर येतात. तेवढ्या अंतरावर हीच धावपटू दुसरीच्या सुमारे ११ सेकंद पुढे असेल.