रूरकाठचा कागदी आणि एरबेकची लेक : रिटनहाउस घराण्याची पार्श्वभूमी

१६९२ साली फिलाडेल्फियात एक छोटं कवन छापलं गेलं. रचणारा रिचर्ड फ्रेम, छापणारा विल्यम ब्रॅडफर्ड. नव्याने वसलेल्या पेनसिल्व्हेनियाचं वर्णन करताना त्यात जर्मनटाउन नावाच्या वस्तीचाही उल्लेख येतो. या वस्तीत उच्च जर्मन आणि डच अशी दोन्ही माणसं राहतात, ती जवस पिकवतात, त्याच्या धाग्याचं कापड विणतात, कापड विरलं की त्याच्या चिंध्या होतात आणि गावाजवळच्या गिरणीत त्या चिंध्यांचा कागद होतो, असं फ्रेम सांगतो. ही गिरणी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. इंग्रजांच्या उत्तर अमेरिकेतली ती पहिली कागद गिरणी. ती चालवणाऱ्या घरात नवरा जर्मन मुलखातला होता आणि बायको डच. पुढे ‘रिटनहाउस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या घराण्याचं हे अमेरिकेतलं मूळ.

विल्हेल्म रिटिंगहाउसेनचा जन्म १६४४ चा, रूर नदीच्या काठी म्युल्हाइमजवळच्या ब्रॉइख जहागिरीतला. आज आपण सहज ‘जर्मन’ म्हणतो, पण तेव्हा जर्मनी नावाचा देश नव्हता, होती ती लहानमोठी संस्थानं. डच प्रजासत्ताकाला युरोपातल्या सत्तांनी रीतसर मान्यता दिली ती १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात, म्हणजे विल्हेल्म चार वर्षांचा असताना. खालच्या ऱ्हाइनच्या त्या पट्ट्यातली बोली डचच्या इतकी जवळची होती की नदी उतरून खाली गेलं तरी माणसाचं बोलणं अडत नसे. त्यामुळे हे जोडपं एका अर्थी ‘मिश्र’ असलं, तरी दोन परक्या देशांची सोयरीक असं चित्र डोळ्यांपुढे आणणं मला चुकीचं वाटतं. त्यांना वेगळं पाडणारी रेघ नंतरची आहे.

विल्हेल्म नेदरलंड्समध्ये गेला तो कागदाच्या धंद्याच्या मागे. त्याची बायको गेर्त्राउट पीटर्स ही गेल्डरलंडमधल्या एरबेकची. एरबेक हे फेल्यूवे या वालुकामय, झऱ्यांच्या पठाराच्या पूर्व कडेला आहे. तिथलं पाणी स्वच्छ आणि बारमाही. या पाण्यावर पाणचक्क्या फिरत आणि त्यांतल्या बऱ्याच कागदाच्या होत. अठराव्या शतकात फेल्यूवेवर शंभरावर कागद गिरण्या होत्या. एरबेकमध्ये आजही कागदाचे कारखाने आहेत. गेर्त्राउटच्या माहेरचं हे पाणी लक्षात ठेवलं की पुढची गोष्ट नीट कळते. लग्न १६६५ च्या सुमाराचं. थोरला मुलगा क्लास १६६६ चा. त्याच्याखेरीज गेर्हार्ड आणि एलिझाबेथ. १६७८ मध्ये विल्हेल्मने अ‍ॅमस्टरडॅमचं नागरिकत्व घेतलं आणि तिथल्या दप्तरात त्याची नोंद म्युल्हाइमचा कागद बनवणारा अशी झाली.

आणखी दहा वर्षांनी, १६८८ च्या सुमारास, हे कुटुंब अटलांटिक ओलांडून गेलं. विल्हेल्म तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. बस्तान बसलेल्या माणसाने पुन्हा शून्यापासून सुरुवात करण्याचं हे वय नव्हे. त्यांच्या जाण्याला पंथाचा धागा आहे. विल्हेल्म पुढे ज्यांचा प्रवचनकार झाला ते मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे लोक जाणत्या वयातच बाप्तिस्मा घेत, शस्त्र धरत नसत, शपथ घेत नसत. ऱ्हाइनकाठच्या बऱ्याच संस्थानांत यासाठी त्यांना दंड, बंदी, हद्दपारी सोसावी लागली. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याने आपल्या वसाहतीत श्रद्धेची मोकळीक देऊ केली, तेव्हा ऱ्हाइनच्या मुलखातल्या क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबं ‘काँकॉर्ड’ जहाजाने निघाली आणि ६ ऑक्टोबर १६८३ रोजी फिलाडेल्फियाला उतरली. बहुतेक विणकर, बरेच घरात डच बोलणारे, पंथाने मेनोनाइट किंवा क्वेकर (शस्त्र न धरणारा आणखी एक ख्रिस्ती पंथ). फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस या वकिलाच्या पुढाकाराने जर्मनटाउन वसलं ते या लोकांचं. याच वस्तीतल्या चौघांनी एप्रिल १६८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. माणसांची खरेदी-विक्री ही चोरीच आहे असं म्हणणाऱ्या गावात रिटिंगहाउसेन कुटुंब राहायला आलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ब्रॅडफर्ड तिथे १६८५ पासून छापखाना चालवत होता. कागद मात्र समुद्रापलीकडून यायचा, आणि खुद्द इंग्लंडही चांगला कागद फ्रान्स-हॉलंडकडून आणवायचं. त्यामुळे छापखानेवाल्याला कागदी, म्हणजे कागद बनवणारा कारागीर, हवा होता आणि कागद्याला भांडवल. १६९० मध्ये ब्रॅडफर्ड, सॅम्युएल कार्पेंटर, रॉबर्ट टर्नर, थॉमस ट्रेस आणि विल्हेल्म यांनी भागीदारी केली. विसाहिकन या मोठ्या ओढ्याला मिळणाऱ्या मोनोशोन ओढ्यावर कार्पेंटरची वीस एकर जागा होती, तिथे गिरणी उभी राहिली.

काम कष्टाचं होतं. चिंध्या गोळा करायच्या, निवडायच्या, बटणं-शिवणी काढायच्या, भिजत घालून कुजवायच्या. मग पाणचाकावर चालणारे मुसळासारखे हातोडे त्यांचा लगदा करत. तारेच्या जाळीचा साचा लगद्याच्या टाकीत बुडवून वर उचलायचा, पाणी निथळेपर्यंत हलवायचा आणि तयार झालेलं ओलं पान लोकरीच्या नमद्यावर उलटवायचं. अशी चळत दाबाखाली पिळायची, माळ्यावर दोऱ्यांवर वाळत घालायची आणि लिहिण्याचा कागद असेल तर कातड्यांपासून काढलेल्या सरसाच्या पाण्यातून काढायची, म्हणजे शाई फुटत नाही. चोवीस पानांचा दस्ता, वीस दस्त्यांचं रीम. १६९७ मध्ये ब्रॅडफर्डने आपला हिस्सा रिटिंगहाउसेन बापलेकांना दहा वर्षांच्या कराराने दिला, तेव्हा वर्षाचं भाडं ठरलं ते कागदातच : छपाईचा सात रीम, लिहिण्याचा चांगला दोन रीम आणि निळा दोन रीम. अकरा रीम म्हणजे पाच हजारांहून जास्त पानं, आणि प्रत्येक पान हाताने उचललेलं!

कागदपत्रांत गेर्त्राउट फार थोडी दिसते. गिरणीच्या करारांत नाव नवऱ्याचं आणि मुलाचं. पण हे काम कधीच दोघा पुरुषांचं नव्हतं. युरोपातल्या त्या काळच्या गिरण्यांत चिंध्या निवडणं, पानं वाळत घालणं, मोजून दस्ते लावणं ही कामं प्रामुख्याने बायका आणि मुलं करत. घर आणि गिरणी एकाच अंगणात असताना मोनोशोनवर वेगळं काही असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

नावांचं मात्र काय काय झालं ते पाहण्यासारखं आहे. लिहिणारा कारकून ज्या भाषेचा, तसं आडनाव : रिटिंगहाउसेन, रेटिंगहाउझेन आणि इंग्रज कानाला ‘हाउस’ ऐकू आलं तेव्हा रिटनहाउस. थोरल्या मुलाला जर्मनात क्लाउस म्हणत, डचमध्ये क्लास, आणि इंग्रजी दस्तात तो निकोलस होतो. त्याने १६८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये विल्हेल्मिना डेवीसशी लग्न केलं. तिचा भाऊ विल्यम याच गिरणीत कागद शिकला आणि १७१० मध्ये त्याने वसाहतीतली दुसरी गिरणी काढली. म्हणजे हा धंदा पसरला तोही सोयरिकीतून. एलिझाबेथही म्युल्हाइमकडच्याच हाइफर्ट पापेनकडे दिली होती.

अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ओढ्याला पूर आला आणि पहिली गिरणी वाहून गेली. १७०२ मध्ये दुसरी उभी राहिली. ब्रॅडफर्ड १६९३ मध्येच न्यूयॉर्कला निघून गेला होता. १७०४ मध्ये त्याचा हिस्सा क्लासने घेतला आणि गिरणी पूर्ण घरची झाली. कार्पेंटरने १७०५ मध्ये जमिनीचा पट्टा करून दिला तो तब्बल ९७५ वर्षांचा. क्लासच्या कागदाच्या जलचिन्हात (कागद उजेडात धरला की दिसणाऱ्या खुणेत) एका बाजूला ‘के’ आणि ‘आर’ ही अक्षरं, तर दुसऱ्या बाजूला मुकुटाखालच्या ढालीत जर्मनटाउनचं तिपानी चिन्ह आणि त्याखाली ‘पेनसिल्व्हेनिया’. दस्तऐवजांत तो निकोलस झाला, पण साच्यावर तार वळवून अक्षर बसवताना त्याने ‘के’च ठेवला. हे मला त्या घरातलं सर्वांत बोलकं कागदपत्र वाटतं.

विल्हेल्म हा जर्मनटाउनच्या मेनोनाइटांचा पहिला प्रवचनकारही होता. १७०८ च्या सुरुवातीला तो गेला आणि त्याच वर्षी त्या मंडळींनी ओंडक्यांचं पहिलं प्रार्थनाघर बांधलं. पुढे क्लासनेही गिरणी आणि प्रवचन दोन्ही सांभाळली; तो १७३४ मध्ये वारला. क्लासचा मुलगा मॅथायस शेतीकडे वळला. त्याची बायको वेल्श क्वेकर घराण्यातली. त्यांचा मुलगा डेव्हिड ८ एप्रिल १७३२ रोजी गिरणीजवळच्या दगडी घरात जन्मला. त्याला लहानपणी मामाची हत्यारं आणि गणिताची पुस्तकं मिळाली आणि तो घड्याळजी झाला, मग खगोलशास्त्रज्ञ. ३ जून १७६९ चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्राचं सरकणं, त्याने नॉरिटनच्या शेतावर उभारलेल्या वेधशाळेतून टिपलं. बारीक आट्यांच्या स्क्रूंमध्ये केस ताणून त्याने प्रकाश विखुरणारी जाळीही बनवली. १७९१ मध्ये फ्रँकलिननंतर तो अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला, १७९२ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीचा पहिला संचालक. फिलाडेल्फियातल्या रिटनहाउस चौकाला १८२५ मध्ये नाव मिळालं ते त्याचं.

इतकं कर्तृत्व झालं की वंशजांना राजघराणं हवंसं वाटतं. १८९३ मध्ये छापलेल्या कुलवृत्तांतात या घराण्याचा संबंध थेट ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटांशी जोडला गेला. आपल्याकडचे कुलवृत्तांत चाळलेल्यांना ही ओढ अनोळखी नाही. विसाव्या शतकात वंशावळींच्या अभ्यासकांनी मूळ नोंदी तपासून तो दावा निकालात काढला. मागे उरला तो रूरकाठचा कारागीर आणि एरबेकची मुलगी.

गिरणीभोवती एके काळी चाळीसहून जास्त इमारती होत्या. कागदाचा धंदा एकोणिसाव्या शतकात संपला, त्या शतकाच्या अखेरीपासून फिलाडेल्फिया शहराने ही जागा फेअरमाउंट पार्कसाठी घेतली आणि बरीच घरं पाडली गेली. १९९२ मध्ये उरलेल्या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. डेव्हिड जन्मला ते १७०७ चं दगडी घर तिथे उभं आहे आणि त्याच्या शेजारून मोनोशोन अजून विसाहिकनकडे वाहतो.