ॲम्प घरी ठेवून गिटार वाजवताना

इलेक्ट्रिक गिटारचा सूर मुद्दाम फाटका करणाऱ्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या साध्या पेडलची केबल एकदा थेट मिक्सरमध्ये लावून बघा. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकावी तशी चिरकी भुणभुण ऐकू येते. गिटार तीच, पेडलही तेच. मधे ॲम्प, म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर, आला की मात्र तोच सूर भरदार होतो. आता पायाशी ठेवायची मॉडेलिंग पेडल्स ॲम्पचं हे काम स्वतःच करतात आणि त्यांचा आवाज सरळ सभागृहाच्या स्पीकरना जातो. हे जमतं कसं?

सुरुवात तारेपासून. तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत विजेचा दुबळा संकेत उमटतो. ॲम्पमधले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, तो वाढवतात, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे लहरीचे माथे चपटे होतात आणि मूळ संकेतात नसलेले वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, त्यात उगवतात. गिटारवाल्यांचा ‘क्रंच’ तो हाच.

पण कानाला बरा लागेल असा तो होतो स्पीकरमध्ये. गिटारच्या कॅबिनेटमधल्या (स्पीकरच्या खोक्यातल्या) 12 इंची स्पीकरला ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, नसतो, आणि साधारण 5,000 हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. ती गांधीलमाशी बरीचशी याच वरच्या पट्ट्यात राहते. स्पीकरचा कागदी शंकू तिला गाळून टाकतो. व्हॉल्व्हच्या नंबरांवर आम्ही तासन्‌तास वाद घालतो आणि या शंकूचं नावही काढत नाही. माझ्या मते हा त्याच्यावर अन्यायच आहे.

गणिताला मात्र हाच भाग सोपा जातो. स्पीकर आणि कॅबिनेट जवळजवळ रेषीय असतात: संकेत दुप्पट दिला की आवाज दुप्पट, नवे सूर त्यात फारसे मिसळत नाहीत. अशा वस्तूचा सगळा स्वभाव एका ‘टक्‌’ आवाजातून पकडता येतो. ती टिचकी दिल्यावर माइकमध्ये उमटणारी क्षणभराची थरथर म्हणजे इंपल्स रिस्पॉन्स, बोलीत ‘आयआर’. पेडल संकेत ठरावीक अंतराने मोजतं, तो प्रत्येक आकडा एक नमुना. सेकंदाला 48,000 नमुने या वेगाने 2,048 नमुन्यांचा आयआर जेमतेम 43 मिलिसेकंदांचा होतो. तळ्यावर पाऊस पडताना प्रत्येक थेंब आपली वलयं उठवतो आणि पाण्यावर दिसते ती सगळ्यांची बेरीज. पेडल हेच करतं: संकेताचा प्रत्येक नमुना एक थेंब, आयआर ही त्याची वलयं.

व्हॉल्व्ह असे एका टिचकीत सापडत नाहीत. हलकं वाजवलं तर ते एक बोलतात, जोरात वाजवलं तर दुसरंच. त्यासाठी सर्किटची समीकरणं सोडवावी लागतात, किंवा खऱ्या ॲम्पमध्ये काय गेलं आणि बाहेर काय आलं हे दाखवून न्यूरल नेटवर्कला शिकवावं लागतं. त्यातही एक खोच आहे. 48,000 नमुन्यांत 24,000 हर्ट्झपर्यंतचेच सूर मावतात. डिस्टॉर्शनमधून त्यावरचे हार्मोनिक्स तयार झाले की ते खाली दुमडून परत येतात, तेही भलत्याच सुरावर. वरच्या पट्टीत तार ओढून सूर चढवा. दुमडलेला सूर त्याच वेळी खाली घसरतो. चांगली पेडल्स आतलं गणित कित्येक पट वेगाने करतात ते हे भूत टाळायला.

एवढ्या गणितामुळे आवाज उशिरा येईल ही भीती मला फारशी पटत नाही. पेडलला लागणारा वेळ सहसा काही मिलिसेकंदांचा असतो, आणि हवेत आवाजाला एक मीटर जायलाच सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. ॲम्पपासून दोन मीटरवर उभे राहणारे सगळेच 6 मिलिसेकंद उशिरा ऐकत आलेत.

माझी पहिली अडचण वेगळीच निघाली. घरी हेडफोनवर, हळू आवाजात मी खर्ज आणि वरचे सूर दोन्ही चढवून आवाज बसवला होता. साउंडचेकला खर्ज बेस गिटारमध्ये बुडाला आणि वरचे सूर कानात घुसले. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. आता मी स्टेजवर असेल तेवढ्या मोठ्या आवाजातच सूर बसवतो आणि 80 हर्ट्झच्या खालचं कापतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूरच 82 हर्ट्झचा असतो.

श्रोत्यांचा यात फायदाच आहे. 3,000 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 11 सेंटिमीटर, स्पीकर 30 सेंटिमीटरचा; त्यामुळे हे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात. ॲम्पसमोर बसलेल्याचे कान किटायचे आणि बाजूला बसलेल्याला बोथट आवाज मिळायचा. सभागृहाच्या स्पीकरमधून तो बराच सारखा वाटला जातो.

वाजवणाऱ्याचं मात्र काहीतरी जातं. मोठ्या ॲम्पचा आवाज हवेतून परत तारेवर आदळतो आणि विझू पाहणारा सूर धरून ठेवतो. कानात इन-इअर, म्हणजे स्टेजवरचे इअरफोन, असले की ही साखळीच तुटते. सूर लावावा आणि तो हातातच विरावा. म्हणून पायाशी एक मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड असलेला स्पीकर, मी हट्टाने मागून घेतो. लांब सूर आला की दोन पावलं त्याच्याकडे सरकायचं, पिकअप त्याच्या तोंडाशी वळवायचा आणि तार दाबून धरायची. क्षणभर काहीच होत नाही, मग बोटाखालची तार आपली आपण थरथरू लागते.