दोन ताऱ्यांचा स्वीपर: मिओद्राग बेलोदेदिच

रोमानियन भाषेत ‘स्टेआवा’ म्हणजे तारा. सर्बियन भाषेत ‘त्स्रवेना झ्वेझ्दा’ म्हणजे लाल तारा. पहिला फुटबॉल क्लब बुखारेस्टचा, रोमानियन लष्कराचा. दुसरा बेलग्रेडचा, जगभर ‘रेड स्टार’ या नावानं ओळखला जाणारा. पहिल्यानं १९८६ मध्ये युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च कप, जिंकला, दुसऱ्यानं १९९१ मध्ये. दोन्ही अंतिम सामन्यांत बचावफळीच्या मागे एकच माणूस उभा होता, मिओद्राग बेलोदेदिच. दोन वेगळ्या क्लबांसाठी अंतिम सामना खेळून हा कप जिंकणारा तो पहिलाच. ‘खेळून’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. गोलरक्षक जिमी रिमर १९६८ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या राखीव बाकावर होता आणि १९८२ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाच्या विजयी संघात होता, पण पहिल्या वेळी तो मैदानात उतरलाच नव्हता.

बेलोदेदिचचा जन्म २० मे १९६४ चा, सोकोल गावातला. हे गाव रोमानियाच्या नैऋत्य टोकाला, डॅन्यूबजवळ, तेव्हाच्या युगोस्लाव्हियाच्या सीमेला लागून आहे. या बनात भागात सर्ब वस्ती जुनी, बेलोदेदिचचं घरही सर्बच. पासपोर्ट रोमानियाचा, घरची बोली सर्बियन. पुढे जे घडलं त्याची मुळं इथे आहेत.

बुखारेस्टच्या लुचाफेरुल या तरुण खेळाडूंच्या संघातून तो १९८२ मध्ये स्टेआवात आला. प्रशिक्षक एमेरिक येनेई यांच्या संघात त्याची जागा लिबेरोची, म्हणजे स्वीपरची. दोन्ही बाजूंना योवान आणि बर्बुलेस्कू, मधोमध प्रतिस्पर्धी आघाडीवीराला चिकटून राहणारा स्टॉपर बुम्बेस्कू, आणि त्याच्या काही पावलं मागे बेलोदेदिच. स्टॉपर माणूस सांभाळतो, स्वीपर जागा सांभाळतो. बुम्बेस्कू हरला की चेंडू कुठे पडणार याचा अंदाज घेऊन तिथे आधीच पोचायचं, हे त्याचं काम. आडवं पडून चेंडू हिसकावण्याची वेळ आली म्हणजे अंदाज चुकला, असं खुशाल समजावं. बेलोदेदिच उंच, लांब ढांगांचा, आणि पायात चेंडू असताना अजिबात न गडबडणारा. रोमानियात त्याला ‘कप्रिओआरा’, म्हणजे हरणी, म्हणत.

या पद्धतीची दुखरी नसही ओळखून ठेवायला हवी. स्वीपर फार मागे राहिला की तो आणि स्टॉपर यांच्यामध्ये रिकामी पट्टी उरते. आघाडीवीर तिथे निवांत उभा राहतो आणि ऑफसाइडही (पास दिला जाताना, गोलरक्षक सोडून, शेवटच्या बचावपटूच्याही पुढे असलेला) ठरत नाही, कारण मागचा स्वीपरच त्याला ऑनसाइड ठेवतो. उलट, स्वीपर चेंडू घेऊन पुढे गेला आणि मध्यफळीतलं कुणी मागे आलं नाही, तर एका हरवलेल्या पासवर गोल बसतो. म्हणून चांगला लिबेरो ओळखायचा तो त्याच्या पुढे जाण्यावरून. कधी जायचं आणि कधी नाही, हे त्याला कळलं पाहिजे.

७ मे १९८६, सेव्हिया. समोर बार्सिलोना, मैदान स्पेनचंच. अतिरिक्त वेळेसह १२० मिनिटांत गोल नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक दुकादामनं बार्सिलोनाचे चारही फटके अडवले. स्टेआवाचे पहिले दोन वाया गेले, मग लकतुश आणि बालिंत यांनी गोल केले. २-०. इतिहासात दुकादाम राहिला, ते योग्यच. पण दोन तास बार्सिलोनाला एकही गोल करू न देणं हे बचावफळीचं काम होतं, आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. पुढच्या फेब्रुवारीत मध्यफळीतल्या गियोर्गे हाजीच्या गोलवर डिनामो कीव्हला हरवून स्टेआवानं युरोपियन सुपर कपही घेतला. देशात तर हा संघ लीगमध्ये सलग १०४ सामने अपराजित राहिला.

त्या काळी स्टेआवाचा खेळाडू नुसता खेळाडू नसे. क्लब संरक्षण मंत्रालयाचा, खेळाडूंना लष्करी हुद्दे, आणि क्लबच्या कारभारावर हुकूमशहा चाउशेस्कूचा मुलगा वालेंतीन याचं वजन. परदेशी क्लबकडे जाण्याची अधिकृत वाट जवळपास बंदच होती. डिसेंबर १९८८ मध्ये बेलोदेदिच नातेवाइकांकडे जायचं म्हणून सीमा ओलांडून युगोस्लाव्हियात गेला आणि परतलाच नाही. इतर कुणी असता तर ते नुसतं पलायन ठरलं असतं. लष्करी हुद्द्याच्या माणसासाठी तो देशद्रोह ठरला. त्याच्या गैरहजेरीत १० वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

ज्या क्लबाकडे तो गेला, त्या रेड स्टारलाही त्याचा लगेच उपयोग झाला नाही. जुन्या क्लबची परवानगी न घेता आलेल्या खेळाडूवर वर्षभराची बंदी आली. त्या काळात, २४ मे १९८९ रोजी, स्टेआवा पुन्हा युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात पोचला आणि मिलानकडून ४-० असा हरला. लिबेरो असता तर वाचले असते का? व्हान बास्टन आणि गुलिट प्रत्येकी दोन गोल करत होते. एका माणसानं निकाल बदलला असता असं म्हणणं धाडसाचं. त्या वर्षाच्या शेवटी बुखारेस्टमध्ये सत्ता उलथली आणि शिक्षाही रद्द झाली. १९९० च्या विश्वचषकात मात्र रोमानिया त्याच्याविना खेळला.

रेड स्टारमध्ये त्याच्यापुढे प्रोसिनेच्की, साविचेविच, पान्चेव्ह, युगोविच, मिहायलोविच अशी मंडळी होती. आक्रमण करायला माणसं भरपूर, त्यामुळे मागे शांत डोक्याचा एकजण लागतच होता. उपांत्य फेरीत बायर्नला म्युनिकमध्ये २-१ हरवलं, बेलग्रेडमध्ये अखेरच्या क्षणी औगेनथालरच्या स्वयंगोलवर २-२ झालं. २९ मे १९९१ रोजी इटलीतल्या बारी शहरात फ्रान्सच्या मार्सेयविरुद्ध तोच संघ अगदी बचावात्मक खेळला. तो सामना बघणं ही शिक्षा होती, हे मान्य करायला हरकत नाही. पुन्हा ०-०, पुन्हा पेनल्टी. मार्सेयच्या आमोरोसचा पहिलाच फटका अडवला गेला, रेड स्टारचे पाचही आत गेले. तिसरा बेलोदेदिचचा. डिसेंबरमध्ये टोकियोत कोलो-कोलोला ३-० हरवून आंतरखंडीय कपही मिळाला. तोवर युगोस्लाव्हिया फुटला होता. युद्धामुळे रेड स्टारला युरोपातले ‘घरचे’ सामने देशाबाहेर खेळावे लागत होते. १९९२ मध्ये बेलोदेदिच स्पेनच्या वालेन्सिया क्लबात गेला.

त्याच वर्षी नियमही बदलला. सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही. स्वीपरसाठी हा मोठा फटका होता. दबाव आला की चेंडू मागे देऊन श्वास घेण्याची वाट बंद झाली. शिवाय मिलाननं रूढ केलेली चार बचावपटूंची सरळ रेषा युरोपभर पसरत होती, आणि त्या रेषेमागे एक माणूस ठेवला की सगळा ऑफसाइडचा सापळाच निकामी होतो. वालेन्सिया, मग वायादोलिद, मग तेव्हा दुसऱ्या श्रेणीत असलेला व्हियारेआल, आणि मग मेक्सिकोतला अत्लांते. या उताराला वय जितकं कारण, तितकीच संपत चाललेली जागाही.

राष्ट्रीय संघात मात्र तो परतला होता आणि प्रशिक्षक अंगेल योर्डेनेस्कू यांनी १९९४ च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात त्याला मागे ठेवूनच संघ बांधला. योर्डेनेस्कू म्हणजे १९८६ मध्ये सेव्हियात स्टेआवाकडून बदली खेळाडू म्हणून उतरलेला सहप्रशिक्षक. बचाव खोलवर, मधून हाजी, आणि झपाट्याचा प्रतिहल्ला. कोलंबियाला ३-१, अर्जेंटिनाला ३-२. १० जुलैला स्वीडनविरुद्ध अतिरिक्त वेळेत रोमानिया २-१ पुढे, स्वीडनचे दहाच खेळाडू उरलेले, आणि ११५ व्या मिनिटाला लांबून आलेल्या उंच चेंडूवर केनेट अँडरसननं गोलरक्षक प्रुनेआच्या वरून हेडर मारला. अशा चेंडूवर स्वीपर काही करू शकत नाही. गोलरक्षक पुढे आला की निर्णय त्याचा. शूटआउटमध्ये रोमानियाचा सहावा फटका बेलोदेदिचचा होता. राव्हेलीनं तो अडवला. ५-४, स्वीडन पुढे.

१९९८ मध्ये तो स्टेआवात परतला. ज्या क्लबच्या नावावर त्याला देशद्रोही ठरवलं होतं, त्याच क्लबबरोबर त्यानं १९९९ चा रोमानियन कप आणि २००१ ची लीग जिंकली आणि खेळ थांबवला. देशासाठी ५३ सामने, ५ गोल. २००० च्या युरो स्पर्धेत, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो रोमानियाच्या चमूत होता. त्याच गटात जर्मनीकडून ३९ वर्षांचा लोथार मॅथेउस लिबेरो म्हणून खेळत होता, आणि जर्मनी एकही सामना न जिंकता घरी गेला.