भाजीच्या खोक्यात तळाला खडी कशाला?

लाकडी खोक्यात भाजी लावताना तळाशी खडीचा थर द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. होतं उलटंच. बारीक माती केशाकर्षणाने, म्हणजे कणांमधल्या बारीक फटींत पाणी ओढून, ते धरून ठेवते. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरत नाही, वरच थबकतं. भिजलेल्या स्पंजचं ठिबकणं थांबलं तरी त्याची खालची कड ओलीच राहते ना, तसंच. खडीने मातीच्या तळाचा हा चिंब पट्टा मुळांच्या आणखी जवळ आणला. शिवाय ३० सेंटिमीटर खोल खोक्यातली ५ सेंटिमीटर मातीची जागा खडीत गेली, ती वेगळीच! त्यापेक्षा तळाच्या फळ्यांना भोकं पाडा, खोकं विटांवर उचलून ठेवा आणि तळापर्यंत भुसभुशीत मातीच भरा. भोकांतून माती गळते? जाळीचा तुकडा पुरे.